मोठी जखम आधी

जखम मोजायची आमच्याकडची पद्धत अशी. पारदर्शक कागद जखमेवर ठेवायचा, बारीक टोकाच्या पेनाने कडेकडेने रेघ ओढायची, मग तो कागद आलेखाच्या कागदावर ठेवून आत किती चौकोन बसतात ते मोजायचं. निम्म्याहून जास्त आत आलेला चौकोन धरायचा, कमी आलेला सोडून द्यायचा. रेघ ओढण्याचं काम सिस्टरांचं, चौकोन मोजण्याचं माझं. मी विभागीय रुग्णालयाच्या नोंदणी खोलीतला कारकून. मला सगळे 'रजिस्टर' म्हणतात. वर्षभरात ऐंशी माणसांचे पाय मी असे मोजले आणि त्यातला एकही पाय पाहिला नाही. माझ्या टेबलावर फक्त आकार यायचे. कुणाचा होडीसारखा, कुणाचा शेंगेसारखा, एकाचा तर अगदी कानासारखा. घरी माणूस रात्रभर कण्हत असेल, माझ्याकडे तो बावीस चौकोन असायचा.

अभ्यास होता मधुमेही माणसांच्या पायांवरच्या, महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमांचा. एक नवं मलम आलं होतं. बाजारात ते कुठेच मिळत नव्हतं. चाळीस जणांना नवं लावायचं, चाळीस जणांना नेहमीचं जुनं, आणि बारा आठवड्यांत कुणाची जखम पूर्ण बुजते ते बघायचं. कुणाला कुठलं मलम, हे माणसाने ठरवायचं नाही, पाकिटाने ठरवायचं. एक ते ऐंशी आकडे घातलेली बंद पाकिटं आली होती. आत कागद, कागदावर 'नवं' किंवा 'जुनं'. मंगळवारी रुग्ण येतील त्या टोकनच्या क्रमाने पुढचं पाकीट फोडायचं. कुणाला काय लागलं हे मला कळू द्यायचं नाही, असाही नियम होता, म्हणजे मोजताना माझा हात कुठे झुकायला नको. माझ्या हाताची एवढी काळजी आजवर कुणी केली नव्हती, बायकोनेसुद्धा.

अभ्यासाचे प्रमुख टक्केसाहेब. हे त्यांचं आडनाव नव्हे. चहा कसा झालाय विचारलं तरी "सत्तर टक्के" म्हणणारा माणूस, त्याला दुसरं काय नाव पडणार? शस्त्रक्रियेत हात चांगला, बोलण्यात कोरडे. आयुष्यात एकदा तरी मोठ्या परिषदेत व्यासपीठावर उभं राहायचं, ही त्यांची इच्छा त्यांनी कधी बोलून दाखवली नाही आणि कधी लपूही दिली नाही.

ड्रेसिंगची खोली थोरल्या सिस्टरांची. एकतीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला आठ महिने. बाकावर वीस माणसं बसलेली असली तर दारात उभं राहून एक नजर टाकायच्या आणि त्यातल्या कुणाला आधी आत घ्यायचं ते सांगायच्या. त्या नजरेने किती पाय वाचले याची नोंद कुठल्याच वहीत नाही, आणि ती ठेवायला मला कुणी सांगितलंही नाही.

त्यांचा थोरला भाऊ रंगारी. दिवसभर शिडीवर उभं राहून भिंती रंगवणार. मधुमेहाने तळपाय बधिर झालेले, त्यामुळे शिडीची दांडी जिथे रुतायची तिथे कातडं फुटलं ते त्याला कळलंच नाही. मोज्याला ओल लागली तेव्हा त्याला वाटलं रंग सांडला. अभ्यास सुरू होऊन तीन महिने झाले होते. सिस्टरांनी त्याला आणलं, जुन्या मलमाची पट्टी बांधली आणि बाकावर बसवलं.

"तुमच्या त्या पाकिटात माझा नंबर लागत नाही का?" दादाने विचारलं.

"कर्मचाऱ्यांचे नातेवाईक घ्यायचे नाहीत. पहिल्याच पानावर लिहिलंय."

"मग मी नातेवाईक नाही म्हणून सांग. तशीही तू मला भाऊ कुठे मानतेस, लहानपणापासून अंगावर ओरडतेस."

"अभ्यास संपू दे. मलम पास झालं की रुग्णालयाच्या भांडारात येणार. पहिली नळी तुझी."

"तोवर पाय राहील ना?"

"शिडीवर चढला नाहीस तर राहील."

तो चढला. घर चालवायचं तर चढणारच. अकरा चौकोनांची जखम वर्षाखेरीस एकतीसवर गेली. ती अभ्यासात नव्हती, तरी सिस्टर तिचीही रेघ काढून माझ्याकडे द्यायच्या. "मोजा हो, वहीत नको, नुसतं सांगा," म्हणायच्या. टक्केसाहेबांनी पाय पाहिला आणि म्हणाले, हाड अजून वाचलंय, पण दोन-तीन महिन्यांत जखम आटोक्यात आली नाही तर गुडघ्याखाली काढावा लागेल. म्हणजे सगळी भिस्त त्या मलमावर आली. सिस्टरांना त्याची चिंता नव्हती. मलम चांगलं आहे हे त्या रोज डोळ्यांनी बघत होत्या.

मग एका दुपारी निकालाची यादी उघडली. टक्केसाहेबांच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. साहेब नावं वाचत होते, मी दोन रकान्यांत रेघा मारत होतो. रेघा मोजल्या. नवं मलम लावलेल्या चाळिसांपैकी अठरा बरे झाले होते. जुनं लावलेल्या चाळिसांपैकी एकवीस.

"पंचेचाळीस टक्के विरुद्ध साडेबावन्न," साहेब म्हणाले. "नवं काही सरस नाही. संपला विषय."

सिस्टर म्हणाल्या, "काहीतरी चुकलंय."

"काय चुकलंय?"

"मी पाय बघितलेत, साहेब. तीन-तीन वर्षं उघडे असलेले पाय बुजलेत त्याने."

"नुसतं बघून कळत असतं तर अभ्यास कशाला केला असता, सिस्टर?"

उरलेल्या अकरा नळ्या मोजून, खोक्यात घालून परत पाठवायच्या, असं साहेबांनी सांगितलं.

मला आकड्यांवर राग धरता येत नाही, पण संशय घेता येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऐंशी कागद पुन्हा काढले आणि पहिल्या दिवसाच्या मापाप्रमाणे दोन गठ्ठे केले. वीस चौकोनांच्या वरची जखम इकडे, खालची तिकडे. मोठ्या जखमेचे तीस जण निघाले. पाकिटं जर आंधळी असतील तर त्यातले पंधराएक नव्या मलमात आणि पंधराएक जुन्यात पडायला हवेत. पडले होते सत्तावीस नव्यात आणि तीन जुन्यात.

मग टोकनची वही काढली. मंगळवारी कुणाला कितवं टोकन दिलं ते एकीकडे, कुणाचं पाकीट कितवं फुटलं ते दुसरीकडे. एकोणतीस मंगळवार होते. सव्वीस मंगळवारी क्रम जुळत नव्हता. दोन नंबरचं टोकन आधी, एक नंबर मागाहून. मी दोन्ही वह्या काखेत मारल्या आणि ड्रेसिंगच्या खोलीत गेलो.

सिस्टर कात्र्या पुसत होत्या. मी वह्या उघडून समोर ठेवल्या. त्यांनी एक मिनिट बघितलं, हात पुसले आणि कपाटातून एक जास्तीचं कोरं पाकीट काढलं. आत एका कागदाच्या चिठोऱ्यावर काहीतरी लिहून घातलं, पाकीट चिकटवलं आणि भिंतीवरच्या एक्स-रे बघायच्या दिव्याच्या पेटीवर धरलं. बटण दाबलं. 'जुनं', मी स्वच्छ वाचलं.

"मंगळवारी दोघं-तिघं यायचे," त्या म्हणाल्या. "पुढचं पाकीट नवं असलं की मोठ्या जखमेचा माणूस आधी बसवायचा. जुनं असलं की लहान जखमेचा."

"नियम टोकनच्या क्रमाचा होता, सिस्टर."

"मला नियम शिकवू नका. एकतीस वर्षं या दारात उभी राहून मी एकच काम केलंय. ज्याचं जास्त, त्याला आधी. कागद सांगतो म्हणून सात चौकोनवाल्याला चांगलं मलम लावू, आणि जिचा अर्धा पाय सडलाय त्या बाईला म्हणू, तुमच्या नशिबात जुनं आलं?"

"चांगलं आहे हे ठरलं कुठे होतं? तेच तर ठरवायचं होतं."

"मला पहिल्या सहा जणांतच कळलं."

"तुम्हाला कळलं हो. पण इतरांना कागदावरून कळायचं होतं."

त्यांच्या अजून ध्यानात येत नव्हतं. आपण थोडी लबाडी केली, गरजूंचं भलं केलं, एवढाच हिशोब त्यांच्या डोक्यात होता. मी म्हणालो, "असं समजा, शाळेत दोन मास्तर आहेत. तुम्ही सगळी कच्ची पोरं एकाच्या वर्गात घातलीत आणि सगळी हुशार दुसऱ्याच्या. वर्षाखेरीस निकाल लागला. आता शाळा म्हणते, पहिला मास्तर बिनकामाचा, त्याला काढा."

त्या खुर्चीवर बसल्या. हुशार बाई, पुढचं मला सांगावं लागलं नाही. तरी मी माझा कागद वाचून दाखवला, कारण मोजलेलं मनात ठेवणं मला जमत नाही. लहान जखमांत नवं लावलेले तेरा, बरे झाले दहा. जुनं लावलेले सदतीस, बरे झाले एकवीस. मोठ्या जखमांत नवं लावलेले सत्तावीस, बरे आठ. जुनं लावलेले तीन, बरं कुणीच नाही. दोन्हीकडे नवंच वरचढ होतं. एकत्र केल्यावर हरलं.

"म्हणजे मीच घालवलं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दादाचा पाय."

मी वही मिटली.

"सांगितलं तर काय होईल?"

"अभ्यास बाद होईल. तुमची चौकशी होईल."

"आणि नाही सांगितलं तर मलम बाद."

"हो. सांगितलं तर निदान कुणीतरी हे दोन गठ्ठे वेगळे करून बघेल. मलम परत पाठवायचं थांबेल कदाचित."

"कदाचित," त्यांनी तो शब्द उचलून बाजूला ठेवल्यासारखा म्हटला, आणि माझ्याकडे कोरा कागद मागितला.

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. पाकिटं, दिव्याची पेटी, रांग, सगळं. एकाही वाक्यात सबब नव्हती. शेवटी मात्र एक ओळ घातली: माझ्या थोरल्या भावाचा पाय जाण्याच्या बेतात आहे, तरी उरलेल्या अकरा नळ्यांतून त्यांना मलम द्यावं ही विनंती.

"ही ओळ काढा," मी म्हणालो.

"का? मागायचंच आहे मला."

"मागाहून मागा. वेगळ्या कागदावर."

"आज लपवायचं आणि मागाहून मागायचं? वर्षभर लपवाछपवी केली तिचं काय झालं ते बघितलंत ना? आता उघड मागते."

मी आग्रह धरला नाही. नोकरीत मी आग्रह फार कमी वेळा धरलाय, आणि जिथे धरायला हवा होता तिथे हटकून नाही.

टक्केसाहेबांनी अर्ज वाचला, उठून दार लावलं आणि विचारलं, "किती जणांना माहीत आहे हे?"

"आपल्या तिघांना," मी म्हणालो.

"मग तिघांतच राहू द्या. सिस्टर, निवृत्तीला किती राहिलं?"

"आठ महिने."

"आठ महिने शांतपणे काढा. गोष्ट बाहेर गेली तर या रुग्णालयाला पुढची दहा वर्षं कुणी अभ्यास देणार नाही. शंभर टक्के."

"पाय आठ महिने थांबणार नाही, साहेब."

"कुणाचा?" त्यांनी विचारलं. मग अर्जाची शेवटची ओळ पुन्हा वाचली, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. अडचणीतून वाट सापडली की माणसाचा होतो तसा. "बरं बरं," ते म्हणाले. "रीतसर समितीपुढे ठेवतो."

रुग्णालयातल्या अभ्यासांवर देखरेख ठेवणारी ही समिती तिघांची. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक, त्यांच्या डाव्या हाताला एक वकील, उजव्या हाताला एक सद्गृहस्थ. हे सद्गृहस्थ समाजाच्या वतीने बसायचे आणि समाजासारखेच गप्प असायचे. सिस्टर समोर उभ्या. खुर्ची होती, पण बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. अध्यक्षांनी अर्ज शेवटाकडून वाचायला घेतला.

"हे बंधू म्हणजे सख्खे?"

"हो."

"त्यांना हे मलम हवंय."

"हो. पण त्याआधी वर जे लिहिलंय ते—"

"येतो ना वर. आता निकालाप्रमाणे हे मलम निरुपयोगी ठरलंय, त्यामुळे त्यांना ते मिळू शकत नाही. बरोबर? आणि निकाल फिरला तर मिळू शकतं."

"मी निकाल फिरवा म्हणत नाही. तो मी बिघडवलाय, एवढंच सांगतेय."

वकिलांनी एक कागद पुढे सरकवला. पाकिटं पुरवणाऱ्यांचा दाखला. पाकिटं पूर्णपणे अपारदर्शक आहेत, खाली सही-शिक्का. अध्यक्षांनी नमुन्याचं पाकीट घेतलं, खिडकीकडे धरलं, उलटं केलं, पुन्हा धरलं. "काही दिसत नाही बुवा," म्हणाले आणि सद्गृहस्थांकडे दिलं. त्यांनीही धरलं आणि मान हलवली.

"खिडकीत नाही दिसणार," सिस्टर म्हणाल्या. "एक्स-रेच्या पेटीवर धरावं लागतं. ड्रेसिंगची खोली खालच्याच मजल्यावर आहे. दोन मिनिटं चला."

"समितीचं कामकाज समितीच्या खोलीत चालतं."

"मग पेटी वर आणू?"

"ती भिंतीत बसवलेली आहे," टक्केसाहेब म्हणाले. ते त्या दिवशी एवढंच बोलले, आणि ते खरं होतं.

मग माझी पाळी आली. मी टोकनचा क्रम सांगितला, सव्वीस मंगळवार सांगितले.

"एकोणतीसपैकी?" अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे तीन वेळा बरोबर होता. गर्दीच्या ठिकाणी असं मागेपुढे होतंच."

"सत्तावीस आणि तीन, हे गर्दीने होत नाही, सर."

"निव्वळ योगायोगाने असं होणं अशक्य आहे, असं तुम्ही शपथेवर सांगाल?"

इथे मला हो म्हणायचं होतं. सगळी आकडेमोड माझ्या हातात होती. टक्केसाहेब समोर बसून नखं बघत होते. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं होती. मी म्हणालो, "अशक्य असं नाही म्हणता येणार. माझं काम मोजायचं आहे, मत द्यायचं नाही."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

निर्णय चार दिवसांनी आला. भाषा फार गोड होती. सदर परिचारिका दीर्घ सेवेच्या, निष्ठावान आहेत. सख्ख्या भावाच्या आजारपणामुळे त्या मानसिक ताणाखाली असून, औषध उपलब्ध व्हावं या हेतूने त्यांनी स्वतःवर दोष ओढवून घेतल्याचं दिसतं. समिती याकडे सहानुभूतीने पाहते. कोणतीही शिक्षा करण्यात येऊ नये. विश्रांतीच्या दृष्टीने त्यांना उरलेल्या काळासाठी चादरींच्या भांडारात नेमावं. अभ्यासाचा निकाल कायम. नळ्या परत गेल्या. खोक्यावरची पावती मीच फाडली. पुढे टक्केसाहेब परिषदेत बोलून आले, आणि छापलेल्या लेखाच्या तळाशी थोरल्या सिस्टरांचे 'मोलाच्या सहकार्याबद्दल' आभार मानलेले आहेत. माझेही आहेत.

निर्णयानंतर सातव्या आठवड्यात दादाची जखम हाडापर्यंत गेली. शस्त्रक्रियेची तारीख लागली. संमतीचा कागद नोंदणी खोलीतून जातो, म्हणून तो घेऊन मीच वॉर्डात गेलो. दुपारची वेळ होती. दादा उशाला टेकून बसला होता. वहिनी डबा घासायला गेल्या होत्या. सिस्टर स्टुलावर बसल्या होत्या, चादरींच्या भांडाराचा किल्ल्यांचा जुडगा मांडीवर. माझ्या आधीच त्यांनी त्याला सगळं सांगितलं असावं, कारण दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

"या रजिस्टर," दादा म्हणाला. "आमच्या बहिणीचा पराक्रम ऐकलात ना? तुम्ही तर साक्षीदार."

"आता सही करून टाकूया," मी म्हणालो.

"करूया की. पळून थोडाच जाणार आहे मी." मग तो तिच्याकडे वळला. "सत्तावीस जणांसाठी पाकिटं वाचलीस?"

"हो."

"ओळखीचे होते?"

"नाही. कुणीच नाही."

"आणि मी बाहेर बाकावर बसलेलो. दर मंगळवारी. माझ्यासाठी एक नाही वाचता आलं? माझं नाव बदललं असतंस, मामाचा मुलगा म्हणाली असतीस, काहीही. एक नळी खिशात घातली असतीस तरी कुणाला कळणार होतं?"

"नळ्या मोजलेल्या होत्या. आणि नातेवाईक घ्यायचा नाही, असा नियम होता."

"परक्यांसाठी मोडलास तोच नियम होता ना?"

"दुसरा होता," सिस्टर म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "परक्यांसाठी मोडला तर ती दया होती, दादा. तुझ्यासाठी मोडला असता तर लोक म्हणाले असते, भावासाठी केलं."

दादाने पायावरची चादर सारखी केली. त्याच्या आवाजात राग नव्हता, भिंतीला दुसरा हात द्यायचा राहिला असं सांगावं तसा तो बोलला.

"तेच म्हणाले की. मग करायचं तरी होतंस."

सिस्टरांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी कागद दिला, पेन दिलं. नातेवाइकाच्या रकान्यात त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, नात्याच्या जागी 'बहीण', आणि तारीख घालायची राहिली म्हणून कागद पुन्हा मागून घेतला.